दूरचित्रवाणी, मूल आणि पालक

दिवाळीची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परततात, तेव्हा आम्हां शिक्षकांना एक गोष्ट हमखास जाणवते. पहाटेच्या घंटेला उठणारी मुले उठत नाहीत आणि त्यांच्या तोंडी मालिकांतील संवाद असतात. दोष मुलांचा नाही. आपल्यापैकी अनेकांची घरे एका खोलीची. तेथेच स्वयंपाक, अभ्यास, झोप आणि दूरचित्रवाणी संच. दिवसभर राबून आलेल्या आईवडिलांना घटकाभर विरंगुळा हवा असतो, हेही खरे. परंतु संच चालू असताना मुलाने पाठ फिरवून गणिते सोडवावीत, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेव्हा प्रसारण ठरावीक वेळेचे असल्याने मर्यादा आपोआप पाळली जाई. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि ती मर्यादा संपली. मुलांना अयोग्य असे कार्यक्रम, मुले मोठ्या संख्येने पाहतात त्या वेळी दाखवू नयेत, असे केबलविषयक नियम सांगतात. तथापि नियम उंबरठ्यापर्यंतच येतो. आतील जबाबदारी पालकांचीच असते.

देखरेख म्हणजे केवळ बंदी नव्हे. २०१९ मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली. मुले भारावून गेली, याचा मला आनंदच झाला. पुढे एका विद्यार्थ्याने २० मार्च १९२७ च्या महाड सत्याग्रहावरील उत्तरात मालिकेतील संवाद बाबासाहेबांचे भाषण म्हणून लिहिला. मालिका प्रसंग रंगविण्यासाठी संवाद रचते. इतिहास पुराव्यावर उभा असतो. हा भेद मुलाला आपोआप कळत नाही. शेजारी बसलेल्या पालकाने एवढेच विचारावे, “हे खरेच असे घडले का? पुस्तकात काय लिहिले आहे?” जिला अक्षरओळख नाही, ती आईसुद्धा हा प्रश्न विचारू शकते आणि मुलाकडून ते पान वाचून घेऊ शकते. ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश पडद्यावरील दृश्यालाही लागू पडतो.

व्यवहारात काही गोष्टी सहज करता येतील. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक पडदा पाहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. दोन वर्षांखालील बाळांना तो दाखवूच नये. मोठ्या मुलांबरोबर बसून आठवड्याचे कार्यक्रम आधी ठरवावेत. जेवताना आणि अभ्यासाच्या वेळी संच बंद असावा, आणि तो नियम वडीलधाऱ्यांनीही पाळावा. मोबाईलवरील मालिकांना वयोगटाची खूण असते. ती पाहावी आणि पालकांसाठीची कुलूपाची सोय वापरावी.

बाबासाहेबांनी राजगृह उभारले ते ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून. आपल्या एका खोलीत तेवढी जागा नसेल. परंतु मुलासाठी रोज दोन तासांची शांतता आपण नक्कीच देऊ शकतो. येत्या सुट्टीत पालकांनी एवढे करावे, ही नम्र विनंती.