यू वृक्ष : बागेतून औषधाकडे

आयरिश यू हा शोभेसाठी लावला जाणारा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष होय. त्याच्या फांद्या न पसरता खोडालगत सरळ वर जातात व झाडास स्तंभाचा आकार येतो. प्रवेशद्वाराशी किंवा पायवाटेच्या टोकाशी असे एकच झाड लक्ष वेधून घेते. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडच्या डोंगरउतारावर जॉर्ज विलिस या शेतकऱ्यास अशी दोन रोपे आढळली. त्यांपैकी फ्लॉरेन्स कोर्ट येथे लावलेले झाड आजही उभे आहे. बियांपासून हा आकार उतरत नसल्याने अभिवृद्धी छाट कलमांनीच करावी लागते. थंड हवामान व निचऱ्याची जमीन त्यास मानवते. मुळाशी पाणी साचल्यास झाड मरते. बियांभोवतालचा लाल गर वगळता सर्व भाग विषारी असल्याने छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नयेत.

बहुतेक सूचिपर्णी वृक्षांपेक्षा वेगळा असा यूचा एक गुण म्हणजे जुन्या लाकडावरही त्यास नवी पालवी फुटते. या गुणाचे आर्थिक मोल पुढे स्पष्ट झाले. नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी व मनरो वॉल यांनी अमेरिकेतील पॅसिफिक यूच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगावर त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु साल सोलली की झाड मरते. युरोपीय यूच्या पानांतील एका घटकापासून अर्धसंश्लेषणाने हे औषध तयार होऊ लागले, तेव्हा ब्रिटनमधील बागांच्या कुंपणांची छाटणही कच्चा माल ठरली. तेच झाड दरवर्षी उत्पन्न देऊ शकते.

भारतात चित्र निराळे राहिले. उत्तराखंडात ‘थुनेर’ म्हणून ओळखला जाणारा हिमालयी यू साल व पानांसाठी बेसुमार तोडला गेला. वाढ अत्यंत संथ. त्यामुळे तोडणाऱ्याचा नफा आजचा, तर नुकसान पुढील पिढ्यांचे. सामाईक संपत्तीच्या ऱ्हासाचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. १९९५ मध्ये ही प्रजाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाली. २०११ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

आता हे औषध वनस्पतिपेशींच्या संवर्धनातूनही मिळते. तथापि डोंगरी गावांतील कुटुंबांसाठी छाट कलमांची लागवड हा पर्याय उरतोच. अडचण आहे ती बाजारात : लागवडीची वाळलेली पाने आणि वनातून चोरलेली पाने दिसावयास सारखीच. उगमाचा विश्वासार्ह दाखला नसेल, तर खर्च करून रोपे वाढविणाऱ्यास फुकट तोडणाऱ्याशी त्याच भावात स्पर्धा करावी लागते.