घोडा मोजला कुठे?

गाडीच्या माहितीपत्रकात किमतीखालोखाल नजर जाते ती बीएचपीच्या आकड्यावर. ११५ म्हणजे ८५पेक्षा भारी, इतपत सगळ्यांनाच कळतं. ‘बी’ म्हणजे ब्रेक, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ब्रेक तर गाडी थांबवायला असतो. तो ताकदीच्या मापात कसा शिरला?

हा ब्रेक पायाखालचा नव्हे. १८२१ साली गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरने इंजिनाची ताकद मोजायची एक साधी युक्ती काढली. फिरत्या शाफ्टवर लाकडाचे ठोकळे आवळून बसवायचे, ठोकळ्यांना लांब दांडी जोडायची आणि तिच्या टोकाला वजन टांगायचं. शाफ्ट ठोकळ्यांना सोबत ओढू पाहतो, वजन त्यांना जागेवर धरून ठेवतं. दांडी आडवी तोलली गेली की वजन, दांडीची लांबी आणि मिनिटाचे फेरे एवढ्यावर हिशेब निघतो. पुण्यात वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेत आज इंजिनं तपासतात, तिथे लाकडाच्या जागी डायनॅमोमीटर आहे. तत्त्व तेच. इंजिनाला अडवायचं आणि अडवायला किती जोर लागला ते बघायचं.

आता हॉर्सपॉवरमधला घोडा. वाफेची इंजिनं विकणाऱ्या जेम्स वॉटला तो हवा होता गिऱ्हाइकासाठी. खाणमालकांशी त्याचा सौदा सोपा होता: जुन्या न्यूकोमन इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश वॉटच्या कंपनीला. पण गिरण्या आणि बिअरच्या कारखान्यांत आधी इंजिनच नव्हतं, चाकाला घोडे जुंपलेले असत. तिथे वाचलेला कोळसा कुठून दाखवणार? मग वॉटने १७८२-८३च्या सुमारास घोड्याचाच हिशेब मांडला. १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे, ओढ १८० पौंडांची. गुणाकार येतो मिनिटाला साधारण ३२,५७२ फूट-पौंड. त्याने सरळ ३३,००० धरले. दिवसभर राबणाऱ्या घोड्याला हे माप चढंच आहे, अशी टीका पुढे झाली. विक्रेत्याला मात्र ते सोयीचं होतं, कारण दहा घोड्यांचं म्हणून दिलेलं इंजिन दहा घोड्यांना कमी पडण्याची भीती उरली नाही.

म्हणजे हा आकडा व्यवहारातून आला, आणि पुढेही व्यवहाराच्या सोयीनेच वळत राहिला. ब्रिटनने १९२१पासून मोटारींवर घोड्यामागे एक पौंड कर लावला, पण घोडे मोजले ते एका सूत्राने. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. पिस्टन वरखाली किती अंतर जातो याचा त्यात पत्ताच नाही. कारखानदारांनी मग अरुंद आणि लांब सिलिंडरांची इंजिनं काढली. १९२२च्या ‘ऑस्टिन सेव्हन’चे सात घोडे कराच्या कागदावरचे, इंजिन प्रत्यक्षात दहाच्या आसपास देत असे.

अमेरिकेत उलटा प्रकार. तिथे हवेचा फिल्टर, डायनॅमो, सायलेन्सर असलं सगळं ओझं उतरवून उघडं इंजिन चाचणीला लावत आणि येईल तो आकडा जाहिरातीत छापत. सत्तरीच्या सुरुवातीला गाडीत असतं तसं इंजिन मोजायची पद्धत आली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या १९७१च्या इंजिनाचे ३६५ घोडे नव्या मापाने २३५ भरले. इंजिनाला कुणी हात लावला नव्हता!

आपल्याकडे एवढी तफावत नाही. ब्रिटिश एचपी ७४६ वॉटचा, जर्मनांचा पीएस ७३५.५ वॉटचा, म्हणून १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. फरक चिमूटभर, पण जाहिरातवाले चिमूटही सोडत नाहीत. खरी गफलत होते ती बीएचपीपुढे बारीक अक्षरांत छापलेल्या आरपीएममुळे. हॉर्सपॉवर म्हणजे काम करण्याचा वेग. शाफ्टला मिळणारा पीळ, म्हणजे टॉर्क, आणि मिनिटाचे फेरे यांचा तो गुणाकार आहे. न्यूटन-मीटर गुणिले फेरे, भागिले ९,५४९, की किलोवॉट हाती येतात.

चाकणला बनणारी केटीएमची २०० ड्यूक सुमारे २५ घोड्यांची. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० वीसेक. कागदावर ड्यूक पुढे आहे. पण तिचे २५ घोडे जमतात ते १०,००० फेऱ्यांना. रोजच्या रस्त्यावर इतकं इंजिन पिळतो कोण? क्लासिकचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० फेऱ्यांनाच हजर असतो. हिशेब केला तर तिथे तिचे १५ घोडे भरतात. ड्यूकचा टॉर्क आपल्या शिखरावर, ८,००० फेऱ्यांना, १९च्या थोडा वर जातो. तो सगळाच्या सगळा ४,०००ला मिळाला असं धरलं तरी घोडे ११च्या आतच राहतात. म्हणून मागे माणूस बसवून खंबाटकी चढताना क्लासिकवाला निवांत असतो आणि ड्यूकवाला गिअर उतरवतो. उतरवला की मात्र त्याचे घोडे जास्त, हेही खरंच. आपण ज्याला ‘पिकअप’ म्हणतो तो बीएचपीच्या एका आकड्यात शोधून सापडत नाही.

आणि हे सगळं क्रँकशाफ्टवरचं माप. गिअरबॉक्स आणि चेनमधून चाकापर्यंत पोचेतो त्यातले काही घोडे गळतात.

शेतकऱ्याला हा फरक शहरी बाइकवाल्यापेक्षा जास्त महागात पडतो. ५ एचपीच्या मोटरच्या पाटीवर ३.७ किलोवॉट लिहिलेलं असतं. ते शाफ्टवर मिळणारं. तारेतून मोटर त्याहून जास्त ओढते, कारण काही वीज तिच्या उष्णतेत जाते. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपाचं बिल एचपीवर निघतं आणि २०२४ची मोफत विजेची योजना साडेसात एचपीच्या रेषेवर थांबते. त्यामुळे पाटीवर एक एचपी आणि बिलावर दुसराच, हा वाद गावोगाव ऐकू येतो. ट्रॅक्टरचंही तसंच. ‘४५ एचपी’ हा आकडा इंजिनाचा, पण रोटाव्हेटर फिरतो मागच्या पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) शाफ्टवर, आणि तिथला आकडा नेहमीच कमी असतो. कोटेशन हातात आलं की आधी ‘पीटीओ एचपी’ची ओळ शोधावी. नसेल तर लिहून मागावी.