शेजारी बसून आपापलं काम

नऊ ऑगस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रांतिदिन आणि गवालिया टँक येतं. जगभरातले कोवर्किंगवाले, म्हणजे सामायिक जागेत बसून आपापलं काम करणारे, ही तारीख वेगळ्या कारणासाठी साजरी करतात. २००५ साली याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्रॅड न्यूबर्ग या तरुण प्रोग्रॅमरने एक जाहीर निमंत्रण दिलं: घरी एकटे बसून काम करणाऱ्यांनो, या, एका खोलीत बसून आपापलं काम करू. नोकरीत माणसं मिळायची पण मोकळीक नसायची, घरून काम करताना मोकळीक असायची पण बोलायला कुणी नसायचं. त्याला दोन्ही हवं होतं.

जागा होती 'स्पायरल म्यूज' नावाच्या एका स्त्रीवादी गटाची. आठवड्याचे दोन दिवस, भाडं महिना ३०० डॉलर. जागा एरवी दुसऱ्यांच्या वापराची, म्हणून घडीची टेबलं सकाळी मांडायची आणि संध्याकाळी उचलून ठेवायची. दुपारी एकत्र जेवण, थोडं ध्यान, कधी सायकलवर चक्कर. पावणेसहाला काम बंद म्हणजे बंद. पहिला महिनाभर तिकडे कुणी फिरकलंच नाही. तरी तो टेबलं मांडत राहिला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा रिकामा महिना. पुढे माणसं आली, आणि २००६ मध्ये ख्रिस मेसिना व टारा हंट यांच्यासोबत 'हॅट फॅक्टरी' ही पूर्णवेळ जागा उभी राहिली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अमित गुप्ता आणि ल्यूक क्रॉफर्ड या एकाच घरात राहणाऱ्या दोघांनी जागेचा प्रश्नच निकालात काढला. त्यांनी आपल्या राहत्या घराचं दार उघडलं. सोफा, स्वयंपाकघरातलं टेबल, वायफाय. लॅपटॉप घेऊन या आणि दिवसभर बसा. कल्पना सुचली तेव्हा दोघं जेली बीन्स खात होते, म्हणून नाव ठेवलं 'जेली'. कुणी चित्रं काढणारा, कुणी कोड लिहिणारा, कुणी नुसता कंटाळलेला. अडलं की शेजाऱ्याला विचारायचं, नाहीतर गप्प राहायचं. जेलीसाठी ना भांडवल लागलं, ना करार, त्यामुळे ती शहराशहरांत पसरली. २०११ मध्ये अमितला रक्ताचा कर्करोग झाला. दक्षिण आशियाई वंशाचे मूळपेशीदाते नोंदणीत फार कमी असल्याने जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. त्याच्या मित्रांनी ठिकठिकाणी नोंदणीची शिबिरं भरवली, आणि २०१२ च्या जानेवारीत प्रत्यारोपण झालं. हे जेलीमुळेच घडलं असं मी म्हणणार नाही. पण अनोळखी माणसांना घरात बसवून घेणाऱ्याच्या हाकेला अनोळखी माणसं धावून आली, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

फिलाडेल्फियात ॲलेक्स हिलमन आणि मंडळींनी 'इंडी हॉल' २००७ मध्ये उघडला, पण त्याआधी कित्येक महिने ते कॉफीच्या दुकानांत आणि इकडेतिकडे एकत्र जमत होते. जागा घेतली तेव्हा तिथे बसणारे आधीच एकमेकांना ओळखत होते. माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे.

आपल्याकडे हे वारं बारकॅम्पच्या, म्हणजे कुणीही येऊन बोलावं अशा मेळाव्यांच्या, रूपाने आलं. पहिला बारकॅम्प ऑगस्ट २००५ मध्ये पालो आल्टोत भरला; वक्ते आधी ठरलेले नसत, सकाळी भिंतीवरच्या तक्त्यात ज्याने त्याने आपला विषय लिहायचा. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत असे बारकॅम्प होत. सुट्टीच्या दिवशी लोक आपापली कामं दाखवायला येत आणि वर्गातली चर्चा जिन्यात उभं राहून पुढे चालू ठेवत.

मग मोठा पैसा आला. २०१० मध्ये वीवर्क ही कंपनी सुरू झाली. २०१९ च्या सुरुवातीला तिचं मूल्यांकन ४७ अब्ज डॉलर होतं, त्याच वर्षी शेअर बाजारात उतरायचा बेत गुंडाळावा लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. लांब मुदतीच्या भाडेकरारावर मजले घ्यायचे आणि थोड्या मुदतीवर खुर्च्या विकायच्या, हे गणित माणसं जमवण्याचं नव्हतंच. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक छोट्या जागा बंद पडल्या, त्याचं मात्र वाईट वाटतं. काही गटांनी कॅमेरे सुरू आणि माइक बंद ठेवून पडद्यावरच सोबत टिकवली.

मी स्वतः अनुवाद करतो, पुण्यातल्या एका छोट्या सामायिक जागेत. गुरुवारी सगळे एकाच लांब टेबलावर बसतात. जेवणाच्या सुट्टीत डबे फिरतात, आणि वांग्याच्या भरताबरोबर एखादं कोटेशनही फिरतं: "हा आकडा कमी वाटतो का गं?" वास्तुरचनाकार ताई चष्मा वर सरकवून वाचतात आणि सांगतात, "दुरुस्त्या दोनदाच फुकट, असं लिही. नाहीतर वर्षभर करत बसशील." नव्याने काम सुरू केलेल्या मुलीला हे कोण सांगणार?

आता शहरात कुठलीही अशी जागा बघायला गेलं की दर, पार्किंग, जनरेटर, मीटिंग रूमचे तास, सगळं घडाघडा सांगतात. मी सोबत आलेल्याला आणखी एक गोष्ट विचारायला लावतो: इथे सगळे मिळून कधी जेवतात?