गाठ मानेत, मूळ कुठे?

महागावात मानेला गाठ आली की अंदाज दोनच: दाढेची, नाहीतर क्षयाची. आमच्या मामांची डाव्या जबड्याखालची गाठ मात्र गोळ्या संपल्या तरी हटेना. दुखतही नव्हती. सुईने तपासली तर कर्करोगाच्या पेशी निघाल्या. घरात एकच सूर: "कापून टाका." नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "ही इथली नाही, इथे आलेली आहे. कुठून आली ते आधी बघू." मूळ न शोधता गाठ काढणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पहिला धागा गाठीची जागाच देते. हनुवटीखाली असली तर तोंड तपासायचं. जबड्याच्या कोपऱ्याखाली असली तर टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. मानेत मागे असली तर नाकामागची पोकळी. डाव्या गळ्याच्या हाडाच्या वर असली तर शोध छातीपोटापर्यंत जातो.

मामांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. वर्षानुवर्षं खाल्लेला, पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा; सुपारीने गालाची आतली बाजू चामड्यासारखी ताठरलेली. महाराष्ट्रातली गुटखाबंदी २०१२ ची, पण टपरीवरचं घोटणं कुठे थांबलं? डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण उतरवली, मामांना "ईऽऽ" म्हणायला आणि गाल फुगवायला लावलं. गाल फुगवले की अन्ननलिकेच्या तोंडाजवळचे मिटलेले कोपरे उघडतात. तिथे काहीच दिसलं नाही.

मग पेट स्कॅन. हा स्कॅन तपासणीसाठी तुकडा काढण्याआधीच करायचा, कारण ताजी जखमही स्कॅनमध्ये चमकते आणि फसवते. उपाशीपोटी किरणोत्सारी साखर टोचली आणि तासभर गप्प पडून राहायला सांगितलं. बोललं तर स्वरयंत्राचे स्नायूही चमकतात. जिभेच्या मुळाशी थोडी चमक सगळ्यांनाच असते. मामांची डावीकडे जास्त होती.

नाकातून नळी घालून भूल दिली. डॉक्टरांनी जिभेच्या मुळावरून बोट फिरवलं आणि जिथे कडक लागलं तिथलाच तुकडा घेतला. मूळ तिथेच निघालं.

सगळ्यांचं सापडतंच असं नाही. तेव्हाही उपचार होतात, पण संशयापोटी घशाचा बराच भाग किरणांखाली जातो, लाळ आटते, कोरडा घास उतरत नाही. मूळ सापडलं की मारा नेमका होतो.

म्हणून दोन-तीन आठवडे न हटणारी गाठ कापायला कोणी निघालं, तर आधी विचारा: तोंड, नाक, घसा दुर्बिणीने पाहिलाय का?