रिकाम्या चौकटीचा होकार

११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या धनकोंना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पोहोचवायचे होते. त्यासोबत आणखी जवळजवळ ९० कोटी डॉलर गेले, तेही बँकेच्या स्वतःच्या पैशातून. कुणी दरोडा घातला नव्हता. एका फॉर्मवर तीनपैकी दोन चौकटी कोऱ्या राहिल्या होत्या, एवढेच.

फॉर्म होता फ्लेक्सक्यूब या प्रणालीचा. ती घडवली मुंबईच्या आय-फ्लेक्सने, पुढे ती ऑरेकलकडे गेली. त्या दिवशी मुद्दल फक्त हिशेबात फेडल्यासारखे दाखवायचे होते आणि रक्कम बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवायची होती. त्यासाठी ‘फ्रंट’, ‘फंड’ आणि ‘प्रिन्सिपल’ या तिन्ही ठिकाणी तो खातेक्रमांक भरणे आवश्यक होते. भरला गेला एकट्या ‘प्रिन्सिपल’पुढे. नाव वाचून कुणालाही तेवढे पुरेसे वाटेल! उरलेल्या चौकटींत काही नाही म्हणजे पैसे नेहमीप्रमाणे बाहेर पाठवायचे, असे प्रणालीत आधीच ठरलेले होते.

एकाने भरायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, ही मेकर-चेकरची जोडी आपल्या सहकारी बँकांतल्या कारकुनांनाही ठाऊक आहे. इथे तर तिघे होते: भारतातले दोन कंत्राटी कर्मचारी आणि अमेरिकेतला बँकेचा अधिकारी. पडद्यावर इशाराही झळकला, की रक्कम बँकेबाहेर जाईल, पुढे जायचे का? किती रक्कम, ते त्यात नव्हते. व्याज तर बाहेर जाणारच होते, त्यामुळे इशारा खरा आणि अपेक्षितच वाटला. पुढे सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला धनकोंनी नकार दिला. फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने निकाल बँकेविरुद्ध दिला, तो सप्टेंबर २०२२मध्ये अपिलात फिरला.

इशारा दिला की जबाबदारी संपली, ही प्रोग्रामरची समजूत जुनी आहे. डिसेंबर २००५मध्ये टोकियोत मिझुहो सिक्युरिटीजकडून ६,१०,००० येनला एक शेअर विकण्याऐवजी एक येनला ६,१०,००० शेअर विक्रीला निघाले. इशारा तेव्हाही आला होता. रोज येणारा इशारा माणूस वाचत नाही, त्याचे बोट एंटरवर आधीच गेलेले असते.

म्हणून एंटर कुठल्या बटणावर पडते, हे पाहायला हवे. लहान कार्यालयांत अजून दिसणाऱ्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ‘येस-नो’ विचारणारा मेसेज बॉक्स टाकला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर पहिले बटण, म्हणजे ‘येस’, डिफॉल्ट ठरते. दुसरे बटण डिफॉल्ट करायला प्रोग्राममध्ये एक छोटा शब्द वाढवावा लागतो. नोंद पुसण्याच्या प्रश्नात तो शब्द नसणे हा मला निव्वळ आळस वाटतो.

याच ॲक्सेसची आणखी एक तऱ्हा आहे. नोंद पुसताना ते विचारते. पण नोंदीत बदल करून पुढच्या नोंदीवर गेलात किंवा फॉर्म बंद केलात, तर न विचारताच जतन करते. ‘बदल ठेवायचे का?’ हे विचारायचे असेल, तर ते जतन होण्याआधीच्या ‘बिफोर अपडेट’ या टप्प्यावर आपणच लिहायचे आणि नकार आला तर जतन रद्द करायचे.

सारखे विचारले जाते म्हणून वैतागलेले लोक ॲक्सेसचे इशारे चालू-बंद करणारी ‘सेटवॉर्निंग्ज’ ही आज्ञा वापरून ते बंद करतात. त्याने प्रश्न दिसेनासे होतात, पण उत्तर दिलेच जाते: प्रत्येक प्रश्नावर कुणी एंटर दाबल्यासारखे, म्हणजे बहुधा होकारच. प्रोग्राममधून बंद केलेले हे इशारे आपण पुन्हा सुरू करेपर्यंत बंदच राहतात. मध्येच काही चूक होऊन प्रोग्राम थांबला, तर संध्याकाळपर्यंत त्या ॲक्सेसमध्ये पुसण्याची क्वेरी निमूटपणे चालत राहते.

प्रश्न विचारायचाच असेल, तर त्यात मजकूर हवा. ‘नोंद पुसायची का?’ याऐवजी ‘या सभासदाची नोंद आणि तिच्याशी जोडलेल्या १४ पावत्या पुसल्या जातील’ असे लिहावे, आणि बटणावर ‘होय’ऐवजी ‘पुसा’. त्याहून बरे म्हणजे नोंद खरोखर न पुसता तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करून, कुणी आणि कधी केली ते शेजारी ठेवणे. मग विचारायची गरजच उरत नाही, चुकले तर खूण काढता येते. त्याची किंमत अहवालांत मोजावी लागते: यादी असो वा बेरीज, प्रत्येक क्वेरीत रद्द नोंदी वगळण्याची अट घालावी लागते आणि एखाद्या जुन्या अहवालात ती राहून गेली, तर वर्षाअखेरीच्या ताळेबंदात गेलेले सभासद पुन्हा हजर होतात.