आजीचे वावर आणि १९२९ ची मंदी

“भात मातीमोल झाला नि वावर गेलं,” असे माझी आजी तिच्या आजोबांविषयी सांगते. आमच्या गावाचेच नाव वावर. त्यामुळे लहानपणी मला वाटे, सगळा गावच गेला की काय! पुढे अर्थ कळला, पण कोडे राहिले. धान्य स्वस्त झाले तर गरिबाचे बरेच व्हायला हवे, नाही का? यंदा जागतिक मंदी हा भाग वाचताना ते उलगडले.

२४ ऑक्टोबर १९२९ ला न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळू लागला. हे निमित्त, दुखणे जुने होते. पहिल्या महायुद्धानंतर जगात धान्य व कच्चा माल खपेपेक्षा अधिक पिकत होता. जर्मनी अमेरिकेकडून कर्ज काढून इंग्लंड-फ्रान्सला युद्धाची भरपाई देई, आणि ते त्यातून अमेरिकेचे कर्ज फेडीत. अमेरिकेने हात आखडताच हे रहाट थांबले. बँका बुडाल्या. १९३० मध्ये अमेरिकेने आयातीवर जबर जकात बसविली, इतरांनीही तोच मार्ग धरला आणि व्यापार आटला. १९३३ मध्ये अमेरिकेत चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. जर्मनीत १९३२ मध्ये सुमारे ६० लाख बेकार होते. पुढच्याच जानेवारीत हिटलर सत्तेवर आला.

आमच्याकडे ना शेअर बाजार, ना बँक. तरी झळ लागली. हिंदुस्थानात शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आले. त्यात सरकारने रुपया १ शिलिंग ६ पेन्स या चढ्या दराला बांधलेला, म्हणजे परदेशी विकलेल्या मालाचे रुपये आणखी कमी. मात्र सारा रोख भरायचा, आणि कर्जाचा आकडा तसाच.

हिशेब करून पाहू. समजा, भात मणाला ४ रुपये असताना कोणी लग्नासाठी ४० रुपये काढले. म्हणजे १० मणांचे कर्ज. भाव २ रुपये झाला की तेच कर्ज २० मणांचे! व्याज वेगळेच. खावटी धान्यातच फेडायची, म्हणून तिचा बोजा असा वाढत नसे. घात केला तो रोख कर्जाने. सोने असलेल्यांनी सोने विकले. १९३१ नंतर मुंबई बंदरातून ते परदेशी जात राहिले. आमच्याकडे सोने कुठले! होती ती जमीन.

त्या वेळी आमचा गाव जव्हार संस्थानात, तर आजीचे माहेर मोखाड्याकडे, इंग्रजी अमलात. तिथले वावर सावकाराच्या नावावर चढले. लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्याला ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ म्हणत. १९३० नंतरच्या दशकात सायमिंग्टन या अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात ही वेठ नोंदलेली आहे.

हा हिशेब मी आजीला समजावला. तिने विचारले, “मग भाव चढल्यावर वावर परत का नाही आलं?” दुसऱ्या महायुद्धात भाव खरोखरच चढले. पण तोवर भात पिके ती जमीन सावकाराची होती, आणि आजीचे आजोबा तिच्यावरच खंडाने राबत होते.