कुकरची शिट्टी, मावशी आणि एक बजी: साध्या निरीक्षणातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

पीएचडीच्या मुलाखतीचे दिवस जवळ आले की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "ताई, मला प्राण्यांच्या वर्तनावर काम करायचंय, पण विषय सुचत नाही." गेल्या आठवड्यात एकाने तर थेट सिनॉप्सिसच पाठवला. शीर्षक होतं, 'पाळीव पोपटांच्या भावनांचा अभ्यास'. वाचलं आणि मला माझी लोणावळ्याची मावशी आठवली. आज तिचीच गोष्ट सांगते, कारण त्या मुलाला जे उत्तर द्यायचं होतं ते त्यात आहे.

मावशी तुंगार्लीत राहते. तिच्याकडे मन्या नावाचा एक हिरवा बजी आहे. बजी म्हणजे बजरीगर, आपल्याकडची दुकानं ज्याला सरसकट 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मधल्या भागातला. जॉन गूल्डने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून हा पक्षी जगभरच्या घरांत पोचला. सिनॉप्सिसमध्ये 'लव्हबर्ड' लिहून पाठवलंत तर पहिल्याच पानावर लाल शाई येईल, म्हणून हे आधी सांगितलं. प्रजातीचं शास्त्रीय नाव नसेल तर प्राण्यावरचा अभ्यास सुरूच होत नाही.

मन्याची जोडीदारीण गेल्या वर्षी मेली. तेव्हापासून तो एकटाच. मावशीचा प्रश्न मला गंभीर वाटला: "अगं, हा आरशाशी गप्पा मारतो, आरशाला दाणे भरवतो. एकटा पडलाय का गं? दुसरा आणू का?" पाठोपाठ तिचा अभिमानाचा दावा: "पण हुशार आहे हो! कुकरची शिट्टी झाली की बरोब्बर ओरडतो. जेवण झालंय हे कळतं त्याला."

मी दोन दिवस मुक्कामाला होते. पाहिलं तर खरंच, शिट्टी झाली की मन्या एक छोटी, चिरकी हाक पुन्हा पुन्हा मारायचा. मावशीने माझ्याकडे 'बघ, सांगितलं नव्हतं?' अशा नजरेने पाहिलं.

आता इथे थांबा, आणि पुढे वाचण्याआधी स्वतःला विचारा: शिट्टी आणि हाक यांच्यामध्ये आणखी काय घडतं?

मला ते दुसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. शिट्टी झाली की मावशी हॉलमधून उठते आणि गॅस बंद करायला आत जाते. म्हणजे शिट्टी आणि मावशीचं दिसेनासं होणं या दोन गोष्टी रोज एकत्र घडतात. मन्या नेमका कशाला उत्तर देतोय हे नुसतं बघून कळणं शक्यच नाही. पुस्तकात ज्याला कन्फाउंडर म्हणतात आणि व्याख्या पाठ करूनही जो मुलाखतीत ओळखता येत नाही, तो हा असा, पायात चपला घालून हॉलमधून स्वयंपाकघरात जाणारा.

मग मावशीला कामाला लावलं. दोन गोष्टी वेगळ्या करायच्या होत्या. काही वेळा शिट्टी होऊ दिली, पण मावशी जागची हलली नाही, गॅस मावसभावाने बंद केला. काही वेळा शिट्टीविनाच मावशी उठून आत गेली. कधी शिट्टी आणि उठणं दोन्ही, कधी दोन्ही नाही. कोणत्या वेळी काय करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण 'मनाला येईल तसं' ठरवलं की आपण नकळत आपल्या आवडत्या उत्तराच्या बाजूने खेळतो. हाका मोजणारी मी दाराआड बसले आणि फोनवर रेकॉर्डिंग केलं. ही चार खणांची रचना, दोन घटक आणि प्रत्येकाच्या दोन पातळ्या, एवढी साधी आहे की ती एका चिठोऱ्यावर मावते. मुलाखतीत ती काढून दाखवा, समोरचे लोक पुढे सरकून बसतात.

मावशी बसून राहिली की शिट्टीनंतर मन्या बहुतेक वेळा गप्प होता. ती उठून गेली की, शिट्टी असो वा नसो, त्याची हाक सुरू. मावशी जरा हिरमुसली. मला मात्र हे 'जेवण कळतं' यापेक्षा कितीतरी भारी वाटलं.

कारण त्या चिरक्या हाकेला नाव आहे: संपर्क-हाक, म्हणजे कॉन्टॅक्ट कॉल. बजी थव्याने भटकणारे पक्षी. साथीदार नजरेआड गेला की 'मी इथे, तू कुठे?' अशा अर्थाची ही हाक असते, सेकंदाच्या काही दशांशाएवढी छोटी. गंमत म्हणजे ती जन्मजात ठरलेली नसते, शिकली जाते आणि मोठेपणीही बदलते. हाइल, प्लमर आणि स्ट्रीटर यांनी २००० मध्ये दाखवलं की जोडी जमताना नर मादीच्या हाकेची नक्कल करतो आणि काही आठवड्यांत दोघांच्या हाका सारख्या होतात. पुढे २००६ मध्ये स्ट्रीटरच्याच गटाने (मोराव्हेक पहिल्या लेखिका) दाखवलं की मुळात हाका मिळत्याजुळत्या असतील तर जोड्या जमण्याकडेही कल असतो. या दोन पेपरांमधलं नातं बघा. पहिला म्हणतो, जोडीमुळे हाका जुळतात. तो वाचून कुणाच्या तरी मनात उलटा प्रश्न आला: हाका जुळल्यामुळे जोडी होते का? पुष्कळदा पुढचा विषय असा बाण उलटा फिरवूनच मिळतो.

याच घराण्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम बजीवरचं नाहीच. व्हेनेझुएलातल्या इवल्याशा रानटी पोपटांवर, पॅरटलेट्सवर, कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी घरट्यांमधली अंडी अदलाबदल करून पाहिलं. पिल्लांच्या हाका वाढवणाऱ्या आईबापांच्या हाकांशी जुळल्या, जन्मदात्यांच्या नाही. हा पेपर २०११ चा. रक्त की संस्कार हा घरोघरी चघळला जाणारा वाद त्यांनी फक्त अंडी हलवून त्या पक्ष्यांपुरता मिटवला.

आता मन्याकडे परत. मी काय सिद्ध केलं? खरं सांगायचं तर मन्याबद्दल थोडंसं, बजींबद्दल जवळजवळ काहीच नाही. एकाच पक्ष्याच्या चाळीस नोंदी म्हणजे चाळीस पक्षी नव्हेत. ही चूक इतकी सर्रास होते की हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये तिला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नावच दिलं, आणि तरी अजून दरवर्षी प्रबंधांत सापडते. एकाच पिंजऱ्यातले दहा बजीसुद्धा एकमेकांचं ऐकून ओरडतात, म्हणजे ते दहा स्वतंत्र नमुने नाहीत. तिथे पिंजरा हाच नमुना.

माझीही एक फजिती सांगून टाकते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी तीन आठवडे वहीत 'आनंदी', 'उदास', 'रागावलेला' असे रकाने भरले. मैत्रिणीला तोच व्हिडिओ दिला तर मी जिथे 'उदास' लिहिलं तिथे तिने 'झोप आलीय' लिहिलं होतं. तीन आठवडे पाण्यात. सिनॉप्सिसवाल्या त्या मुलाला म्हणूनच सांगते: 'भावना' हा शब्द शीर्षकातून काढ आणि डोळ्यांना दिसेल ते लिही. पिसं फुगवून एका पायावर बसणं. चोचीने चोच घासणं. डोकं वरखाली करणं. दाणे ओकून भरवणं. अशा वर्तनांच्या व्याख्यांसहित यादीला इथोग्राम म्हणतात. आधी ती करायची, मग दोघांनी स्वतंत्रपणे तोच व्हिडिओ मोजायचा, आणि आकडे जुळले तरच पुढे जायचं. कधी आणि किती वेळ बघायचं यासाठी जीन आल्टमन यांचा १९७४ चा पेपर वाचा. तो बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी लिहिलाय, पण मुंगीपासून पोपटापर्यंत सगळ्यांना लागू पडतो. मन लावून वाचायला दोन संध्याकाळी लागतील.

मावशीचं आणखी एक वाक्य होतं, "पावसाळ्यात फार ओरडतो मेला." लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि मावशीच्या गॅलरीवर पत्रा. जुलैत तिथे माणसांनाही ओरडूनच बोलावं लागतं. बजींबाबत हे प्रयोगशाळेत तपासलेलं आहे: मानाबे, सद्र आणि डूलिंग यांनी १९९८ मध्ये दाखवलं की आजूबाजूचा गोंगाट वाढवला की बजी आवाज चढवतात. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. पण म्हणून मन्याच्या ओरडण्याचं कारण पत्राच, असं मात्र लगेच लिहू नका. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, उजेड कमी असतो, मावशी घरातच जास्त असते आणि सतत आत-बाहेर करते. शिवाय 'फार ओरडतो' म्हणजे जोरात ओरडतो की जास्त वेळा? ही दोन वेगळी मापं आहेत आणि लोम्बार्ड परिणाम मुळात पहिल्याबद्दल आहे. कुणाला छोटा प्रोजेक्ट हवा असेल तर हा घ्या, मावळात पत्र्याच्या घरांना तोटा नाही. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये करा, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या ऑडिओवर विश्लेषण करू नका, कारण तो दाबला जातो. हाकेचं चित्र बघायला ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट पुरेसं आहे, दोन्ही फुकट.

आणि 'हुशारी'? त्यावर सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेला पेपर २०१९ चा, 'सायन्स' मधला, चेन आणि सहकाऱ्यांचा. आधी मादीला दोन नरांपैकी कोण आवडतो ते पाहिलं. मग नावडत्या नराला खाऊचे डबे उघडायला गुपचूप शिकवलं आणि दोघांना तिच्यासमोर ते डबे दिले. एकाला जमलं, दुसऱ्याला नाही. मादीचा कल शिकवलेल्या नराकडे झुकला. नुसतं खाताना दिसल्याने असं झालं नाही, हेही त्यांनी तपासलं. छानच प्रयोग, पण वाचताना मला एक खटकलं: मादीला 'हा हुशार' असं वाटलं, की 'तो दुसरा अपयशी' असं? दोन्ही एकाच वेळी तिच्यासमोर घडतंय. कुकर आणि मावशीच पुन्हा, फक्त मोठ्या जर्नलमध्ये. असं काही दिसलं की घाबरू नका, वहीत लिहून ठेवा.

आता एक सक्त सूचना. मावळात भात पिवळा पडू लागला की तुइया पोपटांचे थवे उतरतात, नराचं डोकं जांभळट लाल, शेपटीचं टोक पांढरं. दरवर्षी कुणीतरी ढोलीतलं पिल्लू काढून आणतं आणि 'प्रोजेक्टसाठी' म्हणून मला विचारतं. तुइया काय, नेहमीचा राघू काय, आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे, पिंजरा कितीही मोठा असो. पिल्लू सापडलंच तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. बजी परदेशी आणि पिंजऱ्यातच पैदास झालेला, म्हणून त्याला हे लागू नाही. पण संस्थेतर्फे त्याच्यावर प्रयोग करायचा तर प्राणी-नीती समितीची परवानगी लागते, आणि ती नंतर मागून मिळत नाही. तुइयांचा अभ्यास बांधावर बसून, दुर्बिणीतून करा. मला तर तो जास्त आवडेल.

राहिला मावशीचा प्रश्न. आरशाला दाणे भरवणं हे जोडीदाराशी करायचं वर्तन आहे. नर मादीला असाच भरवतो. तो 'एकटा पडलाय' असं मी लिहून देणार नाही, पण थव्यात राहणाऱ्या पक्ष्याचं हे वर्तन काचेवर खर्च होतंय एवढं नक्की सांगू शकते. मी दुसरा बजी आणायला सांगितलं. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत, मग शेजारी पिंजरा, मग एकत्र. मडकं टांगायचं नाही, कारण नुसती नराची गाणी ऐकूनही मादीच्या अंडाशयाची वाढ होते हे ब्रॉकवे यांनी १९६५ मध्येच दाखवलंय, त्यात अंधारी ढोली मिळाली की अंडी आलीच. आणि पिंजरा स्वयंपाकघरात कधीच नाही: नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात.

नवी मादी गणपतीनंतर आली. दिवाळीत मी गेले तेव्हा आरसा काढलेला होता. मुद्दाम मावशीला उठून आत जायला सांगितलं. मन्या मादीशेजारी बसून राहिला, एक हाक नाही. हे मादीमुळे, पाऊस संपल्यामुळे, की मावशीच्या आत-बाहेर करण्याची सवय झाल्यामुळे, ते सांगता येणार नाही, कारण तिन्ही गोष्टी एकाच काळात बदलल्या. तसं मी मावशीला समजावूनही सांगितलं.

"ते राहू दे तुझं," ती म्हणाली, "मी उठून गेले तरी ढुंकून बघत नाही आता." आणि राळ्याची वाटी भरायला आत गेली.